काढून टाकलेल्या दोन ओळी

१४ फेब्रुवारी १९९९, जळगाव

भंगाळे सरांनी आज केबिनमध्ये बोलावलं आणि दार उघडंच ठेवलं, तेव्हाच ओळखलं की गोष्ट चांगली असणार. चार वर्षं त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर शिकवतेय. रागवायचं असलं की ते आधी दार लावतात.

सरांच्या मनात आलंय की यंदा बारावीचा निकाल लोकांना फोनवर सांगायचा. गुणपत्रिका कॉलेजात यायला आठवडा जातो. तोवर मुलांचा जीव टांगलेला. मुलांनी गावातल्या बूथवरून फोन लावायचा, बैठक क्रमांकाची बटणं दाबायची, आणि इकडे कॉम्प्युटरनं निकाल वाचून दाखवायचा.

"आपल्या भागात असं कोणी केल्याचं ऐकलं नाही, विशाखा. तू करशील?"

मी हो म्हणून बसले. कसं करायचं ते मला अजिबात माहीत नाही.

२६ फेब्रुवारी

एक फोन चालतो!

पर्ल नावाच्या भाषेत लिहिलंय. छोटी छोटी कामं झटपट करून टाकणारी ही स्क्रिप्टची भाषा आहे. मोडेम फोन उचलतो, प्रोग्रॅम बटणं ओळखतो, बोर्डाकडून येणाऱ्या निकालाच्या यादीत क्रमांक शोधतो आणि भरून ठेवलेला आवाज ऐकवतो. आवाज माझाच. शून्य ते नऊ आकडे, "उत्तीर्ण", "अनुत्तीर्ण", "आपला बैठक क्रमांक दाबा". "अनुत्तीर्ण" नऊ वेळा भरावं लागलं. सर म्हणाले, कठोर वाटतंय, जरा मऊ म्हण.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिंप्राळ्याच्या कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावून पाहिला. तीस वर्षं तार ऑफिसात काढलेली, त्यामुळे अशा गोष्टींत त्यांना फार रस. घरी आले तर म्हणाले, "ती बाई चांगली बोलते. घरात का नाही बोलत तशी?"

५ मार्च

अडचण. निकालाच्या दिवशी चार लाइनी असणार. माझा प्रोग्रॅम एका वेळी एकच फोन घेतो, बाकीचे तीन नुसते वाजत राहतात. एका माणसाचं ऐकून होईपर्यंत बाकीच्यांनी काय करायचं?

यावर उपाय आहे थ्रेडचा. थ्रेड म्हणजे धागा. एकाच प्रोग्रॅमचे चार धागे करायचे आणि चौघांनी एकाच वेळी आपापलं काम करायचं. पर्लमध्ये ही सोय मूळची नाही. भाषा पुन्हा नव्यानं बांधून घेताना ती जोडावी लागते, आणि सोबतच्या माहितीत स्वच्छ लिहिलंय की ही जोड अजून प्रयोगातली आहे, जपून वापरा.

सरांना हे वाक्य दाखवलं. ते म्हणाले, "मग जपून वापर."

१२ मार्च

चारही फोन एकदम उचलले गेले. मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. माझी मलाच लाज वाटली, पण लॅबमध्ये कोणी नव्हतं.

मग सरांनी आणि मी दोन फोनवरून एकाच क्षणी दोन वेगळे क्रमांक दाबले. मला त्यांच्या क्रमांकाचा निकाल ऐकू आला. त्यांनाही त्यांचाच. माझा कुठे गेला?

दुपारभर डोकं खाल्लं तेव्हा सापडलं. बैठक क्रमांक लिहून ठेवायची जागा प्रोग्रॅममध्ये एकच आहे, चारही धाग्यांची सामाईक. एका धाग्यानं तिथे क्रमांक लिहिला आणि तो यादीत शोधायच्या आत दुसऱ्यानं त्याच्यावर आपला लिहिला, की पहिल्याला दुसऱ्याचा निकाल जातो. फोन एकेक करून आले तर काही बिघडत नाही. एकदम आले तरच.

त्यावर कुलूप असतं. लिहायच्या दोनच ओळी. एका धाग्याचं काम होईपर्यंत दुसऱ्यानं त्या जागेला हात लावायचा नाही, थांबायचं. दोन ओळी टाकल्या आणि साठ वेळा तपासलं. एकदाही चुकलं नाही.

२७ मार्च

सर नाराज. कुलुपामुळे एक फोन चालू असताना दुसऱ्यावर काही सेकंद शांतता राहते. "माणसाला वाटेल फोन बंद पडला. हे थांबणं काढून टाक. मला वेग पाहिजे."

त्यांचं बरोबर आहे. नीट उपाय वेगळाच आहे. सामाईक जागाच ठेवायची नाही, प्रत्येक धाग्याला स्वतःची जागा द्यायची. मग थांबणं नाही आणि सरमिसळही नाही. लॅबच्या वहीत लिहून ठेवलंय. फार तर पंधरा मिनिटांचं काम. सर ४ एप्रिलला पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठेवताहेत, ते झालं की करते.

५ एप्रिल

कालचं प्रात्यक्षिक उत्तम झालं. पाहुणे आले, हार झाले, फोन लागले. मी मागच्या खोलीत मशीनपाशी होते, कारण कोणीतरी तिथे असायला हवं, असं सर म्हणाले.

आज पेपरात फोटो. सर हातात रिसीव्हर घेऊन उभे. खाली लिहिलंय, "स्वतः तयार केलेल्या संगणक प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवताना श्री. बन्सीलाल भंगाळे". बातमी तीनदा वाचली. शेवटच्या ओळीत मी आहे. "यासाठी इन्स्टिट्यूटमधील कु. तायडे यांनी आवाज दिला आहे."

आवाज दिला आहे.

आबांनी बातमी कापून देव्हाऱ्याच्या जागी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवली. "नाव आलं ना," म्हणाले. 

६ एप्रिल

सरांना विचारलं. त्यांनी दार लावलं.

"इन्स्टिट्यूटच्या मशीनवर, इन्स्टिट्यूटच्या वेळात केलेलं काम इन्स्टिट्यूटचं असतं, विशाखा. आणि कल्पना कोणाची होती?"

"कल्पना तुमची. पण लिहिलं मी ना सर? 'स्वतः तयार केलेली' कशी?"

"पेपरवाल्यांना इतकं खोलात सांगत बसू का? लोक विचारतात, कोणी केलं? मी म्हणतो, आम्ही. ते काय लिहितात त्याला मी काय करू? आणि खरं सांगू का, पर्ल मी पण बसून शिकलो असतो. वेळ नव्हता इतकंच."

"मग मी इथे राहत नाही," म्हणून मी उठले. तेव्हा मागून म्हणाले, "जाणार असशील तर जा. पण उद्या शेवटची फ्लॉपी देऊन जा. ते थांबणं काढून. वेग पाहिजे म्हणून सांगितलं होतं तुला."

७ एप्रिल

फ्लॉपी देऊन आले. सरांनी सांगितल्याप्रमाणे थांबणं काढलं, म्हणजे कुलुपाच्या दोन ओळी पुसल्या. प्रत्येक धाग्याला वेगळी जागा द्यायची सुधारणा मात्र घातलेली नाही. ती त्यांनी मागितलीच नव्हती. प्रोग्रॅम आता फार वेगात चालतो. सरांनी माझ्यासमोर एक फोन लावून पाहिला, खूश झाले.

मी फक्त सांगितलं ते केलं. लॅबची वही माझ्या पिशवीत आहे. अक्षर माझं, म्हणून वहीही माझी.

२५ एप्रिल, धुळे

देवपुरात प्रमिलाताईकडे राहतेय. ताई माझी मोठी बहीण. भावजी दिवसभर बाहेर असतात. इथल्या एका खासगी कॉलेजात लॅब सांभाळायची नोकरी मिळालीय. बारा मशीन्स, त्यातली आठ चालतात. मुलं टायपिंग करतात. मला काही विचार करावा लागत नाही.

विचार करायला दुसरी एक गोष्ट आहे.

जूनमधला निकालाचा दिवस मी रोज थोडा थोडा रंगवते. चारही लाइनी खणखणताहेत. सर कोट घालून उभे, शेजारी पेपरवाले. पहिला पालक परत फोन करतो, "अहो, हा माझ्या पोराचा निकाल नाही." मग दुसरा, मग दहावा. सर मशीनकडे बघतात. मशीनमध्ये पर्ल आहे, जी ते वेळ असता तर शिकले असते. पेपरवाला विचारतो, "सर, तुम्हीच तयार केलंय ना? मग दुरुस्त करा की."

इथपर्यंत आलं की मला छान झोप लागते.

९ मे

आईचं पत्र. बाकी सगळं ठीक, फक्त आबांनी एक नवीन खूळ घेतलंय. दर रविवारी सकाळी बूथवर जाऊन इन्स्टिट्यूटच्या चाचणीच्या नंबरला फोन लावतात, काहीतरी क्रमांक दाबतात, ऐकतात आणि घरी येतात. आईनं विचारलं तर म्हणाले, लाइन तपासतो.

रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी लाइन तपासायची सवय जात नाही.

१७ मे

सरांचा ताईकडे फोन आला होता. मी खुणेनं "नाही" म्हटलं. ताईनं सांगितलं, विशाखा बाहेर गेलीय. ताई म्हणते आवाज अगदी पडलेला होता. नाटकी माणूस.

२४ मे

पुन्हा फोन. पुन्हा मी बाहेर.

२८ मे

आता पत्र. "निकालाची तारीख जवळ आली आहे. मला त्यातले सर्व कळते असे नाही. एकदा येऊन तपासून गेलीस तर बरे होईल. मागचे मनात ठेवू नये."

मनात ठेवू नये! म्हणजे फुकटात तपासून द्यायचं आणि पुन्हा मागच्या खोलीत बसायचं. पत्राचे चार तुकडे केले. मग आठ. ताई बघत होती. म्हणाली, "किती बारीक करशील?"

३ जून

आज निकाल.

 अकराच्या सुमारास बूथवरून जळगावचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा एंगेज. सातव्यांदा लागला. "आपला बैठक क्रमांक दाबा." माझा आवाज माझ्या कानात. दुसऱ्याच कोणाचा वाटला. मी काही न दाबता ठेवून दिला.

चारही लाइनी सतत भरलेल्या म्हणजे फोन एकदम येताहेत. दुपारी जेवण जास्त गेलं.

६ जून

पेपरात चार ओळी. काही विद्यार्थ्यांना फोनवर चुकीचा निकाल सांगितला गेल्याची तक्रार. त्यावर श्री. भंगाळे यांचं म्हणणं, "प्रणाली निर्दोष आहे. गर्दीमुळे टेलिफोन लाइनमध्ये दोष निर्माण झाला असावा."

म्हणजे सुटला! लाइनवर ढकलून मोकळा झाला. मी दोन महिने वाट पाहिली आणि या माणसाच्या कोटाची घडीसुद्धा मोडली नाही. पेपर मुठीत चुरगळला. ताईचा होता, तिनं अजून वाचला नव्हता.

दहावीचा निकाल अजून बाकी आहे. तेव्हा मी स्वतः पेपरवाल्यांना सांगेन, विचारा त्यांना, कुलूप कुठे आहे.

१३ जून

आबा आले होते. आईनं दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन. जेवताना सहज बोलावं तसं बोलले.

"नशिराबादचा तोताराम महाजन माहीत आहे ना तुला? आपल्या शेजारच्या यशोदाबाईचा भाऊ. त्याची पोरगी कोकिळा, हुशार. दोंडाईच्याचं स्थळ आलं होतं तिला, आत्यानं आणलेलं. पोरगी म्हणाली, बारावी पास झाले तर शिकणार, नापास झाले तर तुम्ही म्हणाल तिथे लग्न करीन. अट तिचीच. बापानं मानली. निकालाच्या दिवशी बूथवर दोघं गेले. फोननं सांगितलं अनुत्तीर्ण. तीन दिवसांत साखरपुडा. नंतर गुणपत्रिका आली. एकाहत्तर टक्के."

ताईचा हात ताटातच राहिला. "मग आता?"

"आता काय. शब्द गेला. माणसं पण गेली पेढे वाटून." आबा पाणी प्यायले. "पेपरात म्हणे लाइनचा दोष. तीस वर्षं लाइनीवर काढली मी. खरखर होईल, तुटेल, बंद पडेल. एकाचा निरोप दुसऱ्याला देईल, असं लाइन कधी करत नाही."

मी ताट घेऊन उठले. आबा मागून म्हणाले, "यशोदाबाई सांगत होती, पोरगी म्हणते त्या बाईचा आवाज किती मायेचा होता. म्हणून खरं वाटलं."

१४ जून

मी काहीही केलेलं नाही. थांबणं काढा असं सरांनी सांगितलं. तपासायची जबाबदारी सरांची. फोनवर सांगितलेल्या निकालावर साखरपुडा उरकणारा बाप माझ्या ओळखीचा नाही. गुणपत्रिकेची वाट पाहायला काय झालं होतं?

सगळं बरोबर आहे. एकेक मुद्दा तपासला.

१६ जून

कॉलेजातून लवकर आले. ही रोजनिशी उघडून ७ एप्रिलचं पान वाचलं.

त्या पानावर मी खोटं लिहिलंय. वाक्य एकेक खरं आहे आणि सगळं मिळून खोटं आहे. त्या दिवशी ओळी पुसताना काय होणार हे मला माहीत होतं. किती वेळा होणार याचासुद्धा अंदाज होता. आणि त्या अंदाजात एकाही मुलाचं तोंड नव्हतं, फक्त सरांचं होतं.

मला अजूनही त्यांचं वाईटच व्हावंसं वाटतं. हेही लिहून ठेवते, नाहीतर हेही पान खोटं होईल.

१७ जून, जळगाव

पहिल्या गाडीनं आले. इन्स्टिट्यूटमध्ये नव्या बॅचची गर्दी, पालक खुर्च्यांवर.

सर मला बघून उठले. चेहऱ्यावर आधी बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं, मग ते सावध झाले.

मी म्हटलं, "सर, प्रोग्रॅम प्रत्येक फोनची नोंद करतो. किती वाजता, कोणत्या लाइनवर, काय दाबलं, काय ऐकवलं. ती नोंद मला पाहिजे. कोणाकोणाला चुकीचं गेलं ते त्यात निघेल."

"तो विषय संपलाय आता. लाइनचा दोष होता."

"लाइनचा नव्हता. कुलूप काढून बदली काही न घालता तुम्हाला फ्लॉपी दिली. एकदम फोन आले की निकाल सरमिसळ होणार हे मला माहीत होतं."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. "माहीत होतं? आणि मी दोनदा फोन केला, पत्र घातलं..."

"माहीत होतं."

सर बसलेच नाहीत. तसेच बाहेर हॉलमध्ये गेले आणि सगळ्या पालकांसमोर माझ्याकडे बोट करून ओरडले, "ऐका हो सगळे! फोनच्या निकालाचा प्रोग्रॅम माझा नाही! एक ओळ मी लिहिलेली नाही! सगळा हिनं केलाय, पहिल्यापासून शेवटपर्यंत हिनं!"

हेच वाक्य ऐकायला मी दोन महिने तळमळत होते. झोपताना त्यांच्या तोंडून म्हणवून घेत होते. आता ऐकलं. बाकावरची एक बाई माझ्याकडे बघत होती आणि तिनं आपल्या मुलीचा हात धरून तिला जवळ ओढलं.

मी म्हटलं, "हो. मी केलाय. नोंद द्या."

सरांनी दिली.  छापून होईपर्यंत आम्ही प्रिंटरच्या दोन बाजूंना उभे राहिलो. ते हळूच म्हणाले, "मला खरंच भीती वाटत होती ग. काही विचारलं असतं कोणी तर मला सांगता आलं नसतं." मला दया यायला हवी होती. आली नाही.

दहावीचा निकाल पुढच्या आठवड्यात. लॅबच्या वहीतली सुधारणा तिथेच बसून घातली, प्रत्येक धाग्याला स्वतःची जागा. तेरा मिनिटं लागली. चार फोनवरून चाळीस वेळा तपासलं. सर मागे उभे होते. म्हणाले, "यावर तुझं नाव टाकू का?"

"टाका. बारावीच्या चुकीसकट टाका."

 टाकणार नाहीत.

१९ जून

नोंदीत अकरा जण सापडले. यादीवरून नावं, गावं काढली. पाच घरं झाली.

पहिल्या दोघांनी हसून सोडून दिलं, त्यांना संध्याकाळी पुन्हा फोन लावल्यावरच खरं कळलं होतं. तिसऱ्या घरी आईनं दार लावून घेतलं. चौथ्या घरचा मुलगा नापास होता. फोननं पास सांगितलं, घरच्यांनी गल्लीत पेढे वाटले. वडील म्हणाले, "नापास झाला ते चालतं हो. गल्ली आता 'पेढेवाले' म्हणते, त्याचं काय?" पाचव्या घरी चहा दिला. तो जास्त अवघड गेला.

२० जून

नशिराबाद. तोताराम भाऊंचं घर हायवेपासून आत. अंगणात कोकिळा धान्य निवडत होती. बारीक, उंच, वेणी पाठीवर. मी नाव सांगितलं, आणि मग सगळं सांगितलं. सरांनी काय केलं तेही सांगितलं. मला वाटलं ते सांगितलं नाही तर पूर्ण होणार नाही.

तोताराम भाऊ उभे राहिले. "बाई, तुमचं त्या माणसाशी भांडण होतं?"

"हो."

"मग त्याच्या दारात जाऊन शिव्या द्यायच्या होत्या. माझ्या दारात काय होतं?"

 ते आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. कोकिळानं सूप बाजूला ठेवलं.

"आवाज तुमचाच आहे," ती म्हणाली.  "तुम्ही दोंडाईच्याला याल? हे सगळं असंच्या असं तिथे सांगाल?"

"येईन."

"माझ्या बाजूनं बोलायचं नाही. झालं ते सांगायचं. बोलायचं ते मी बोलेन."

अठरा वर्षांची मुलगी. मी तिच्यापुढे विद्यार्थिनीसारखी उभी होते.

२४ जून, धुळे

दोंडाईचा करून आले. तोताराम भाऊ, कोकिळा आणि मी. जाताना गाडीत भाऊ मुद्दाम दोन बाकं पुढे बसले.

नवऱ्या मुलाचं घर स्टेशनजवळ. वडील हिलाल आबा, आई भिकुबाई, मुलगा चुडामण. कोकिळाची आत्या कलाबाई दोन घरं सोडून दिलेली, तीही येऊन बसली. मी सांगितलं. थ्रेड वगैरे नाही. इतकंच, की निकाल चुकीचा जाणार हे मला माहीत होतं, दुसऱ्या माणसावरच्या रागापायी मी तो जाऊ दिला, आणि तो या मुलीला गेला.

भिकुबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तू कोन शे व माय? तुले आठे कोनी धाडं?"

"कोणी नाही. मीच आले."

हिलाल आबा तोताराम भाऊंकडे वळले. "मंग काय म्हननं शे तुमनं? पोर पास व्हयनी म्हनीसन सोयरीक मोडनी? बठ्ठा गावले पेढा वाटी बठनूत आम्हीन. लोकेस्ले आते काय सांगूत? आमना पोऱ्यामां काय खोट शे?"

पेढे साऱ्या गावाला वाटून झालेले, आता लोकांना काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न. कोकिळा उभी राहिली.

"तुमच्या मुलात काही खोट नाही, आबा. मी शब्द दिला होता, नापास झाले तर लग्न करीन. मी नापास झाले नाही. शब्द मी मोडलेला नाही."

कलाबाई कडाडली, "तोंड बंद कर! मनी सासरनी अब्रू शे आठे!"

तेव्हा चुडामण पहिल्यांदा बोलला. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात असतो, शांत मुलगा. "आबा, राहू द्या. तिला नकोच होतं हे. मी साखरपुड्यालाच बघितलं होतं तिचं तोंड. मला वाटलं, नापास झाली म्हणून असेल."

आत जाऊन त्यानं साखरपुड्यात तोताराम भाऊंनी दिलेलं साडीचं पुडकं आणून परत त्यांच्यापुढे ठेवलं. हिलाल आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. कलाबाई तणतणत आपल्या घरी गेली. आम्ही निघालो. कलाबाईच्या दारावरून जाताना भाऊ थांबले, हाक मारली, "अक्का." आतून कडी लागल्याचा आवाज आला. ते तिथे थोडा वेळ उभे होते. सख्खी बहीण. मोठी.

धुळ्याच्या स्टँडवर मी उतरले. त्यांना पुढे जायचं होतं. मी खिडकीखाली उभी राहिले. कोकिळानंच विचारलं.

"ताई, त्या सरांचं पुढे काय झालं?"

"काही नाही. दहावीच्या निकालालाही त्यांनी फोन ठेवलेत. नवीन बॅच भरली."

"म्हणजे त्यांचं काहीच नाही."

"नाही."

तिनं हिशोब जुळवावा तशी मान हलवली. "आत्याचं घर तुटलं. चुडामणला आता गावात लोक हसणार. आईनं आठ दिवस जेवण टाकलं होतं. मी शिकणार, ते मी तसंही शिकणारच होते. मग तुमचा सूड कोणावर झाला हो?"

कंडक्टरनं दोरी ओढली. तोताराम भाऊ समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे बघत होते. गाडी वळेपर्यंत मी तिथेच होते. 

२६ जून

पेपरात दहावीच्या फोन-निकालाची बातमी. सरांचा फोटो. या वेळी आवाज कोणाचा तेही लिहिलेलं नाही. वाचून तोच जुना राग आला, जरासुद्धा कमी नाही. मला वाटलं होतं आता नसेल.

यादीत पाच नावं उरलीत. एक पारोळ्याचं, एक एरंडोलचं, दोन चोपड्याची. पाचव्याच्या पुढे गाव नुसतं "पिंपरी" लिहिलंय, तालुका नाही. या नावाची गावं किती असतील कोण जाणे. कॉलेजात आठ दिवसांची रजा टाकली आहे. पुरली नाही तर पुन्हा टाकेन.